भरलेली ट्रॉली किती फुटांत थांबते?



हंगाम सुरू झाला की गाडीतळावर एक वाक्य हमखास कानी येते : "ट्रॅक्टर पन्नास हॉर्सपॉवरचा आहे साहेब, दोन ट्रॉल्या आरामात आवरतो." ओढतो, हे खरे. पण ओढणे इंजिनचे काम. थांबवणे टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणाचे. त्याचा हिशेब आम्ही येथे मांडतो.

धावत्या गाडीतील ऊर्जा नाहीशी होत नाही. ब्रेक आणि टायर तापून ती जिरते. ही ऊर्जा म्हणजे वजन गुणिले वेगाचा वर्ग, त्याच्या निम्मी. जिरणारी ऊर्जा म्हणजे घर्षणाचा जोर गुणिले अंतर. दोन्ही सारख्या धरल्या की अंतर निघते.

सर्व चाकांना ब्रेक असतील तर जितके वजन जास्त तितके घर्षणही जास्त, म्हणून वजन दोन्हीकडून उडते. कोरड्या डांबरीवर घर्षणांक ०.६ धरला, तर ताशी २० कि.मी. वेगाची गाडी २.६ मीटरमध्ये, म्हणजे साडेआठ फुटांत थांबते.

आपल्याकडे गोम इथेच आहे. ट्रॉल्यांना ब्रेक नसतात. ट्रॅक्टर २ टन, दोन ट्रॉल्या उसासह १८ टन धरा. ऊर्जा २० टनांची, धरून ठेवणारे वजन फक्त २ टन. अंतर दसपट : ८६ फूट. वेग ४० केला की चौपट, सुमारे ३४५ फूट! शिवाय ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद वेगळा. ताशी २० ला त्यातच १८ फूट जातात. (ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांनाही बहुधा ब्रेक नसतात, तेव्हा आमचा हिशेब सौम्यच समजा.)

उतारावर तर विचारूच नका. शंभर फुटांना सहा फूट उतार असला, तर ब्रेक लावूनही वेग फारसा उतरत नाही. ट्रॉल्या ट्रॅक्टरला ढकलत नेतात, प्रसंगी आडवा करतात. म्हणून उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकावा, न्यूट्रल कदापि नको.

दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा नेमकी गळितात येते. दोंडाईचा-शहादा रस्त्यावर तेव्हा घोडे, बैलगाड्या, पायी माणसे. आमचे म्हणणे एवढेच, की त्या दिवसांत एकच ट्रॉली जोडावी, वेग १५ च्या आत ठेवावा, आणि पुढच्या हंगामाआधी दोन्ही ट्रॉल्यांना ब्रेक बसवून घ्यावेत.