तुमचे मूल जुगाराच्या आहारी गेले आहे का?

कपाटातील पैसे कमी होऊ लागतात. मुलगा रात्री उशिरापर्यंत मोबाइल घेऊन जागा असतो. मग एके दिवशी कोणीतरी दारात येऊन म्हणतो, “तुमच्या मुलाकडून माझे पैसे येणे आहेत.” पालकहो, अशा वेळी तुम्ही काय कराल?

नाद की व्याधी?

१९६० च्या दशकात मुंबईत फोफावलेल्या मटक्याने पुष्कळ संसार धुळीस मिळवले. परंतु त्यासाठी निदान अड्ड्यापर्यंत जावे लागे. आज तो अड्डा मुलाच्या खिशात आहे. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा २०२५ साली संसदेने संमत केला. तथापि, कायद्याने मनाची ओढ नाहीशी होत नाही.

ही ओढ कशी निर्माण होते? पुढची बाजी जिंकू की हरू, हे ठाऊक नसते, म्हणूनच हात थांबत नाही. थोडक्यात हुकलेला डावदेखील ‘जवळजवळ जिंकलोच’ असे भासवतो. मग गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी आणखी पैसे लावले जातात. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीत या विकाराची गणना व्यसनांमध्येच केलेली आहे. यास्तव केवळ रागावणे पुरेसे नाही. मुलाला शिस्तीची गरज आहे, तशीच उपचाराचीही.

कर्ज कोणी फेडावे?

येथेच प्रेमळ पालकांची खरी परीक्षा होते. मंडळीत बोभाटा होऊ नये म्हणून आई गुपचूप दागिना गहाण ठेवते आणि पैसे चुकते करते. पण यातून मुलगा काय शिकतो? आपण हरलो तरी भरपाई करणारा दुसरा खिसा आहे, हेच!

म्हणून घाईने पैसे देऊ नका. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करार निरर्थक ठरतो. तिच्यात जिंकलेली रक्कम दावा लावून वसूल करता येत नाही. कोणी धमकावल्यास पोलिसांची मदत घ्या. मित्रांकडून उसने घेतलेले पैसे मात्र परत केलेच पाहिजेत. ते मुलाने स्वतःच्या खर्चाच्या पैशांतून, सुटीतील कामातून, हप्त्याहप्त्याने फेडावेत.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील पित्याकडे पाहा (लूक १५:११-२४). त्याने दूर देशी पैसे पाठवल्याचे आपण वाचत नाही. परंतु पुत्र दूर असतानाच पित्याने त्याला पाहिले, असे वाचतो. थैली बंद, पण दार उघडे, असे ते प्रेम होते.

घरात काय करता येईल?

आईवडिलांनी आधी आपसांत एकमत करावे. मग राग शांत झाल्यावर मुलाजवळ बसा व एकूण देणे किती, हे कागदावर लिहून काढा. एटीएम कार्ड व यूपीआयचा पिन आपल्याजवळच ठेवा. आपले स्वतःचे वागणेही तपासा. आपण लॉटरीचे तिकीट घेत असू किंवा मेळाव्यात मुलांना हौसेने हाउजीला बसवत असू, तर आपल्या बोधाचे वजन किती राहील?

मुलगा निराशेने मरणाची भाषा बोलू लागला, तर त्याला क्षणभरही एकटे सोडू नका; तत्काळ डॉक्टरांकडे न्या. टेली-मानस ही शासनाची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे. तुम्ही नागपुरात असा, इंदूरला किंवा बडोद्याला असा, तिचा लाभ घेता येतो. अशी मदत घेणे म्हणजे विश्वासात उणे पडणे नव्हे.

मूल पुन्हा घसरेल, हेही संभवते. तेव्हा सारे व्यर्थ गेले असे मानू नका. त्याने ते तुमच्यापासून लपवले नाही, तर तीच सुधारणेची खूण होय. त्याने तुमच्याकडे येऊन खरे सांगावे, इतके तुमचे घर त्याला सुरक्षित वाटते का? आज रात्री पतिपत्नी मिळून या प्रश्नावर प्रार्थनापूर्वक विचार करा.