फिरती संख्या

वहीत एक संख्या लिहा : १४२८५७. आता ती मराठीत वाचा : एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न. 'लाख' आणि 'हजार' हे शब्द तुमच्या उर्दूतही आहेत. उर्दूतील 'बयालीस' मराठीत 'बेचाळीस' होते.

या संख्येला २ ने गुणा. उत्तर येते २८५७१४. ३ ने गुणा; ४२८५७१. अंक तेच आहेत, त्यांचा क्रमही तोच आहे. सुरुवात तेवढी वेगळ्या अंकापासून होते. ४, ५ आणि ६ ने तुम्हीच गुणून पाहा. ७ ने गुणले, की मात्र हे फिरणे थांबते. उत्तर येते ९९९९९९!

ही जादू नाही. १ ला ७ ने भागा. दशांश चिन्हानंतर १४२८५७ हेच सहा अंक पुन्हा पुन्हा येतात. भागाकार करताना क्रमाने ३, २, ६, ४, ५ आणि १ अशी बाकी उरते. १ उरला, की भागाकार पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. आता ३ ला ७ ने भागा. आपण याच चक्रात दुसऱ्या पायरीवर शिरतो, म्हणून ४२८५७१ मिळते.

या संख्येचा दुसरा गुण एका मराठी शिक्षकाच्या नावाने ओळखला जातो. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ मध्ये डहाणू येथे झाला. १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळच्या देवळाली येथे शाळेत शिकवत होते. गणितातील त्यांचे शिक्षण पदवीपर्यंतचे होते. त्यांचे काम म्हणजे नुसता आकड्यांचा खेळ, असे अनेक विद्वानांना वाटे. १९७५ मध्ये अमेरिकेतील लेखक मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्याविषयी लिहिले आणि त्यांचे नाव जगभर पोहोचले. तोपर्यंत ते सत्तर वर्षांचे झाले होते.

कापरेकरांनी काय पाहिले? ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन भाग करून मिळवा : २० + २५ = ४५. मूळ संख्या परत आली! अशा संख्येला 'कापरेकर संख्या' म्हणतात.

आता १४२८५७ चा वर्ग करा. तो २०४०८१२२४४९ येतो. उजवीकडचे सहा अंक वेगळे काढा. (उर्दूची ओळ उजवीकडून सुरू होते, पण एकक स्थान उर्दूतही उजवीकडेच असते.)

२०४०८ + १२२४४९ = १४२८५७

तुम्ही भंडारा जिल्ह्यातील करडीत असा, नाहीतर मालेगावात. हे तपासायला कागद आणि पेन्सिल पुरते. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, गुणाकार स्वतः करा.

तो जमला, की १ ला १७ ने भागा. या वेळी चक्र सोळा अंकांचे आहे. त्याचा पहिला अंक शून्य येईल; तो गाळू नका.