घाटाचा हिशेब उतारावरून मांडा

सायकलवरून महाबळेश्वर गाठून पुढे कोकणातल्या गरम पाण्याच्या कुंडांकडे उतरायचं म्हटलं, की सगळी चर्चा पसरणी घाटाभोवती फिरते. चढ झेपेल का, दम टिकेल का, जोडीतला एक मागे पडला तर काय. आम्ही नवरा-बायकोनेही तयारी याच अंगाने केली होती आणि ती चुकीची होती, हे आज मी ठामपणे सांगते. वाई सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे, महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर. चढायचं ते साडेसहाशे मीटर. पण प्रतापगडाचा फाटा मागे टाकून अंबेनळी घाटाने पोलादपूरला पोचेपर्यंत साधारण ४० किलोमीटरांत १,२०० मीटरांहून अधिक उतरावं लागतं, म्हणजे चढाच्या जवळजवळ दुप्पट. चढावर थकलेल्या माणसाला त्याचं शरीरच थांबवतं. उतारावर थांबवायला प्रत्येकाजवळ फक्त दोन ब्रेक असतात.

त्या ब्रेकवर किती भार येतो, याचा हिशेब साधा आहे. माणूस, सायकल आणि कॅरिअरवरचं सामान मिळून ११० किलो धरले, तर एवढ्या उतारात जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यावर चार लिटर पाणी उकळी फुटेपर्यंत तापेल. यातली काही हवेच्या विरोधात खर्च होते, पण वेग जितका कमी ठेवाल तितका ब्रेकचा वाटा वाढतो. रिमवर रबर घासणारे ब्रेक असतील तर ही उष्णता रिममध्ये जाते, तिथून टायरमध्ये. आतली हवा फुगते आणि ट्यूब फुटू शकते, तीही नेमकी वळणावर. म्हणून ब्रेक सतत दाबून धरू नयेत. वळणाआधी दोन्ही ब्रेक घट्ट दाबून वेग उतरवावा आणि मग सोडून द्यावेत, म्हणजे रिमला वारा लागतो. चार-पाच किलोमीटरांवर रुंद जागा बघून थांबावं आणि बाटलीतल्या पाण्याचे दोन थेंब रिमवर टाकावेत. चुर्र आवाज आला तर दहा मिनिटं बसावं. रिमला बोट लावून बघू नये.

‘आता डिस्क ब्रेक आले आहेत, ही भीती जुन्या सायकलींची’ असं कुणी म्हणेल. डिस्कमुळे टायर तापत नाही, हे खरं. पण उष्णता नाहीशी होत नाही, ती चकतीत आणि पॅडमध्ये जाते. पॅड फार तापले की त्यांची पकडच ढिली पडते. शिवाय ब्रेक कुठलाही असो, तो दाबणारी बोटं आपलीच असतात. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलावाच्या काठी दव गोठतं. अशा पहाटे घामाने भिजलेल्या कपड्यांत उतरायला लागलं, तर थोड्याच वेळात बोटं बधिर होतात. हातमोजे आणि वारा अडवणारं जाकीट चढासाठी नव्हे, उतारासाठी घ्यायचं असतं. शक्यतो ऊन वर आल्यावरच निघावं.

जोडीने जाणाऱ्यांसाठी यात आणखी एक गोष्ट आहे, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. चढावर दोघांत अंतर पडलं तरी बिघडत नाही. उतारावर मात्र वजनदार किंवा धीट असेल तो पुढे निघतो आणि मागचा त्याला गाठायच्या नादात आपल्या बेताबाहेरचा वेग घेतो. म्हणून सावकाश उतरणाऱ्याने पुढे असावं, वेग त्याने ठरवावा. याने वेळ जातो, मागच्याला कंटाळा येतो, ही तक्रार मी मान्य करते. पण अंबेनळीत वाया जाणारा वेळ फार तर तासाभराचा असतो. समोरून वळण घेणाऱ्या एसटीला आख्खा रस्ता लागतो, हेही ध्यानात ठेवावं.

पावसाळ्यात घाट सर्वांत देखणा असतो, मग तेव्हाच का जाऊ नये? जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला आणि अंबेनळीचा रस्ता दरडींनी तुटला. ओल्या रिमवर रबर आधीच धरत नाही, त्यात दगड-माती वाहून आलेली. या मोसमात या घाटात सायकल नकोच.

खाली उतरल्यावर महाडजवळ सावित्रीच्या काठी सवचे झरे आहेत, पुढे दापोलीच्या बाजूला उन्हवरे, संगमेश्वराकडे तुरळ. उन्हवरे, उन्हाळे, उन्हेरे ही कोकणातली गावं ऊन पाण्याचं नाव घेऊनच उभी आहेत. इथे अमेरिकेतल्या यलोस्टोनसारखी कारंजी उडत नाहीत. जमिनीत खोल मुरलेलं पाणी तापून भेगांतून वर येतं. पण उन्हवऱ्याला उगमाशी पाणी ७० अंशांच्या आसपास असतं, ते अंग भाजायला पुरेसं आहे. निववलेल्या कुंडातही दमून, घाम गाळून आलेल्या माणसाने लगेच उतरू नये. गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो आणि उठताना चक्कर येते. आधी पोटभर पाणी प्यावं, मग दहा मिनिटं बसावं, जोडीदार काठावर हवा. कुंडातून निघून पुन्हा सायकलवर बसू नये. कुंड मुक्कामाच्या गावीच येईल असा बेत आखावा.

आणि निघण्याआधी दोघांच्याही सायकलींना ब्रेकची नवी रबरं बसवून घ्या. जुनी अजून चालतील असं दुकानदार म्हणाला, तरी बदला.