जुना कागद आणि त्याची हकिकत

चि. भाच्यास,


जुन्या कागदाच्या व्यापारात मालाइतकीच मालाची हकिकत मोलाची असते. सिनेमाची पोस्टरे, शो कार्डे, गाण्यांच्या चोपड्या, काडेपेट्यांची लेबले, पोस्टकार्डे हा सगळा माल काम झाले की फेकून देण्याचा. तो उरतो तो घर रिकामे होताना किंवा छापखाना बंद पडताना रद्दीत गेल्यामुळे. रद्दीवाला कागद किलोवर घेतो. व्यापारी त्यातला एकेक निवडून बाजूला काढतो. मुंबईच्या चोर बाजारात हयात घालवून नुकत्याच निवर्तलेल्या आपल्या स्नेह्याचे मोठेपण या निवडीत होते. कुठला कागद कोणत्या गठ्ठ्यातून आला, हे त्याला तोंडपाठ असे. वहीत मात्र त्यातले फारसे काही उतरले नाही. असा व्यापारी गेला की कागद मागे उरतात आणि त्यांची हकिकत नाहीशी होते. म्हणून त्याच्या संग्रहाची जबाबदारी ज्याच्याकडे आली, त्याने आधी त्याची पारख शिकावी आणि मग नोंदी कराव्यात.

पारखीची सुरुवात काळ ठरवण्यापासून होते. चोपडीवर किंमत आण्यांत असेल, तर ती बहुधा १ एप्रिल १९५७ पूर्वीची, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. ‘नये पैसे’ असे छापले असेल, तर काळ आणखी आवळता येतो. १९६४ च्या जूनमध्ये ‘नये’ हा शब्द गळाला. पत्ताही बोलतो. ‘मुंबई ४’ असा नुसता विभाग क्रमांक असेल, तर कागद साधारणपणे १५ ऑगस्ट १९७२ पूर्वीचा. त्या दिवशी पिनकोड सुरू झाला आणि गिरगावचा तो ४ पुढे ४००००४ झाला. मात्र छापखाने जुने ठसे आणि जुनी पाकिटे संपेपर्यंत वापरत. त्यामुळे एकाच खुणेवर विसंबू नये; निदान दोन खुणा जुळल्या तरच वर्ष लिहावे, नाहीतर ‘सुमारे’ म्हणून सोडून द्यावे.

दुसरी परीक्षा अस्सल आणि नकलेची. तिचा उत्तम धडा राजा रविवर्म्याच्या छापील चित्रांवर मिळतो. त्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली चित्रे शिळाछापाची. एकेका रंगासाठी वेगळा दगड वापरत. भिंगाखाली अशा चित्रातले ठिपके लहानमोठे आणि विस्कळीत दिसतात. शिळाछाप म्हणून पुढे केलेल्या चित्रात ते ओळीने, सारख्या अंतरावर बसलेले दिसले, तर ती फोटोवरून काढलेली नक्कल समजावी. चित्राची खालची कडही पाहावी. छापखान्याचे नाव बहुधा तिथेच असते, आणि चौकटीत बसवताना नेमकी तीच कड कापली जाते. कड शाबूत असलेल्या प्रतीला जास्त भाव मिळतो, कारण त्या एका ओळीमुळे चित्राचा जन्म कुठे झाला ते कळते.

जपणुकीत सर्वांत जास्त नुकसान हौशी दुरुस्तीने होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा होऊ लागला. त्यातले आम्ल आणि लिग्निन यांमुळे तो पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. त्यावर चिकटपट्टी लावली, तर तिचा गोंद कागदात मुरून तपकिरी डाग पडतो. लॅमिनेशन तर जवळजवळ कायमचेच. कागद आम्लरहित फोल्डरमध्ये सपाट ठेवावा. पावसाळ्यात दमट कागद प्लॅस्टिकमध्ये बंद करू नये, बुरशी येते. कपाट भिंतीपासून दूर असावे आणि कसर, वाळवी लागली आहे का, हे अधूनमधून पाहावे.

व्यवहारात कायद्याचे भान हवे. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमानुसार शास्त्रीय, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा सौंदर्यदृष्ट्या मोल असलेली हस्तलिखिते आणि दस्तऐवज ७५ वर्षांचे झाले की पुरावशेषांत मोडू शकतात. पुरावशेषांच्या विक्रीला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाहीत. मोडी लिपीतला जुना दस्त परदेशी गिऱ्हाइकाला विकण्याआधी हे तपासावे. भावाच्या बाबतीत दिवंगत स्नेह्याची रीत अनुकरणीय होती: दोष आधी दाखवायचा, किंमत मागाहून सांगायची. फाटलेला कोपरा, पुसट शिक्का, मागून चिकटवलेले कापड हे सगळे गिऱ्हाइकाला हातात घेऊन पाहू दिले की पुढे तक्रारीला जागा राहत नाही. गिऱ्हाइकही परत येते.

शेवटी नोंदी. प्रत्येक कागदाच्या मागे कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने, दाब न देता, फक्त क्रमांक घालावा. शाई वापरू नये. बाकी सगळे वहीत लिहावे: कागद कुठून आला, कोणत्या गठ्ठ्यातला, सोबत काय होते, काळ कशावरून ठरवला, दोष कोणते. स्नेह्याकडून ऐकलेली माहिती त्याच्या नावाने वेगळी लिहावी आणि स्वतः तपासलेली वेगळी, म्हणजे ऐकीव काय आणि पडताळलेले काय, हे पुढच्याला कळेल. एका घरातून आलेला गठ्ठा शक्यतो फोडू नये. फोडणे भागच असेल, तर आधी त्याची पूर्ण यादी करावी. हे काम स्नेह्याला ओळखणारी माणसे आहेत तोवरच उरकावे. त्यांच्या आठवणी पडताळायला नंतर कोणी उरणार नाही.

कळावे,
मामा