माहुलीच्या वाटेवर

मुलांनो, आपल्या भिवंडीत दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट चालू असतो. पण नाशिककडे जाणाऱ्या महामार्गाने पडघा मागे टाकले, की पुढे आसनगाव लागते. तेथून माहुलीचा किल्ला जवळच आहे. उंची सुमारे २,८०० फूट. इ. स. १६३६ मध्ये मोगल आणि आदिलशाही फौजांशी झुंजताना शहाजीराजांनी याच किल्ल्याचा आश्रय घेतला होता. किल्ल्याच्या एका उंच सुळक्याचे नाव आहे ‘वजीर’. हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे ना?

एका सप्टेंबर महिन्यात आम्ही पाच शिक्षक मित्र मिनीबस ठरवून तेथे गेलो. शिधा, स्टोव्ह, सतरंज्या सारे गाडीतच होते. दोन दिवस ती गाडीच आमचे घर झाली. पायथ्याच्या गावातील एक आजोबा वाटाड्या म्हणून आमच्याबरोबर आले.

थोडे चालताच धबधबा दिसला. उर्दूत आपण त्याला आबशार म्हणतो. ‘धबधबा’ हा शब्द एकदा मोठ्याने म्हणून पाहा. पाणी कोसळल्याचा आवाज त्यातच ऐकू येतो!

वाटेत एक ओढा आडवा आला. पाणी जेमतेम घोट्यापर्यंत होते. एक मित्र पाण्यात उतरणार, तोच आजोबांनी त्याचा हात धरला.

“मास्तर, थांबा. पाण्याचा रंग बघा.”

आम्ही पाहिले. मघाशी नितळ असलेले पाणी गढूळ झाले होते. त्यात काटक्या आणि पाने वाहत होती. आमच्या डोक्यावर तर ऊन होते.

“वर डोंगरात पाऊस झालाय. पाणी वाढणार,” आजोबा म्हणाले.

थोड्याच वेळात तो ओढा कमरेएवढा झाला आणि दगड गडगडत जाऊ लागले. आम्ही सारे गप्प उभे होतो. पाच बी. एड. झालेल्या माणसांना जे दिसले नाही, ते शाळेत न गेलेल्या आजोबांनी पाहिले होते.

पाणी ओसरल्यावर आम्ही वर चढलो. वाटेच्या दोन्ही बाजूंना गुलाबी तेरडा आणि पिवळी सोनकी फुलली होती. एका उतारावर तर जांभळा रंग पसरला होता. ती कारवी होती! मी एक फांदी तोडायला हात पुढे केला. आजोबा हसून म्हणाले, “मास्तर, ही सात वर्षांनी फुललीय.”

मी हात मागे घेतला. मुलांनो, कारवीचे झुडूप साधारण सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते. एका भागातील सारी झुडपे बहुधा एकाच वेळी फुलतात. मधमाश्या त्यांवर गर्दी करतात. मग फळे धरतात, बी जमिनीवर पडते आणि झुडूप मरून जाते. त्याच बियांतून नवी कारवी उगवते. वाळलेल्या काठ्यांपासून गावकरी घराच्या कुडाच्या भिंती बनवतात. फूल तोडले, तर बी कोठून येणार? शिवाय माहुलीचे जंगल तानसा अभयारण्यात येते. तेथून काहीही तोडून न्यायला मनाई आहे.

आता एक हिशेब करा. तुम्ही आज आठवीत आहात. यंदा तुम्ही फुललेली कारवी पाहिली, तर तिच्या बियांची कारवी फुलेल, तेव्हा तुमचा धाकटा भाऊ किंवा बहीण आठवीत असेल. त्यांच्यासाठी ती फुले झाडावरच राहू द्या.

शब्दार्थ
वाटाड्या – वाट दाखवणारा
नितळ – स्वच्छ
गढूळ – मातीने मळलेले
कूड – काठ्या व मातीची भिंत

स्वाध्याय
१. आजोबांनी मित्राचा हात का धरला?
२. कारवीची फुले का तोडू नयेत?
३. ‘धबधबा’, ‘खडखडाट’ यांसारखे आवाज सांगणारे चार शब्द लिहा.
४. तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांकडून शिकलेली एक गोष्ट पाच वाक्यांत लिहा.