मोने आणि आपले आबालाल

जयसिंगपुराहून कोल्हापुरास गेले असता आपण रंकाळ्याच्या काठी बहुधा जातोच. सायंकाळी तेथील संध्यामठ व त्याची पाण्यातील छाया पाहून कोणी विचारले, की छायेचा रंग कोणता, तर आपण विचार न करता ‘काळा’ असे उत्तर देऊ. एकोणिसाव्या शतकात युरोपातील चित्रकलेत जी क्रांती झाली, तिचे मर्म याच उत्तराच्या चुकीत आहे.

त्या काळी फ्रान्सात चित्रे चित्रशाळेच्या बंद खोलीत तयार होत. विषय पौराणिक वा ऐतिहासिक असत व छाया तपकिरी रंगाने भरण्याचा प्रघात होता. १८३९ साली छायाचित्रणाचा शोध जाहीर झाला आणि हुबेहूब नक्कल करण्याचे काम यंत्राकडे जाऊ लागले. १८४१ साली रँड नामक अमेरिकन चित्रकाराने रंग भरून ठेवण्याची कथिलाची नळी काढली. तत्पूर्वी तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवीत! नळी खिशात घालून शेतात, नदीकाठी बसणे सुलभ झाले. क्षुल्लक वस्तूंनी केवढे कार्य होते पाहा.

बाहेर बसणाऱ्यांस दिसले, की उन्हातील छायेवर आकाशाचा उजेड पडत असतो, म्हणून ती निळसर वा जांभळट भासते. क्लोद मोने याने रंग फार न घोटता त्यांचे सुटे फटकारे शेजारी शेजारी ठेवले. दुरून पाहणाऱ्याच्या डोळ्यात ते एक होतात. त्याने व त्याच्या मित्रांनी १८७४ साली पॅरिसमध्ये स्वतंत्र प्रदर्शन भरविले, तेव्हा मोनेच्या सूर्योदयाच्या चित्राच्या नावावरून एका टीकाकाराने त्यांस उपहासाने जे नाव दिले, तेच पुढे रूढ झाले. आपण त्यांस दृक्प्रत्ययवादी म्हणतो. यांच्यातच वावरलेल्या सेझानने पुढे आकाराच्या घडणीकडे लक्ष दिले व त्यातून विसाव्या शतकाची कला निघाली. तो विषय मोठा आहे.

आता कोल्हापूरकडे वळू. आबालाल रहिमान हे मोनेच्याच काळातील. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून ते कोल्हापुरास परतले आणि शाहू छत्रपतींचे दरबारी चित्रकार झाले. (आपले जयसिंगपूर १९१७ साली वसविणारे तेच हे महाराज.) कोटितीर्थाच्या काठी राहून त्यांनी तेथील पाणी, झाडी, रंकाळा व संध्यामठ रंगविला. मोनेनेही जिव्हेर्नी गावी एका तळ्याच्या काठी अखेरची वर्षे काढली, हे साम्य मनोहर आहे.

म्हणून काही लेखक आबालालांस दृक्प्रत्ययवादी म्हणतात. मला ते पटत नाही. जे. जे.चा अभ्यासक्रम विलायती सरकारी कलाशाळांच्या धर्तीचा होता. इंग्रजांच्या जलरंगपद्धतीत कागदाचा पांढरेपणाच प्रकाश म्हणून राखतात. आबालालांचा उजेड त्या वाटेने व रंकाळ्याकडे टक लावून बसण्याने आला. मोनेचा दगडही प्रकाशात विरघळतो. आबालालांचा घाट घाटच राहतो. त्यांस फ्रेंच नाव चिकटविले, की त्यांचे स्वतःचे कष्ट झाकले जातात.

खरा फरक दैवाचा. मोनेच्या पाठीशी चित्रे विकत घेणारे व्यापारी व ग्राहक होते. १८९० साली त्याने जिव्हेर्नीचे घर विकत घेतले. आबालालांस मोठा आधार एकाच राजाचा. १९२२ साली महाराज निवर्तले, तेव्हा त्यांनी आपली कित्येक चित्रे कोटितीर्थात सोडून दिली, असे कोल्हापुरात सांगतात. ही आख्यायिका खरी असो वा नसो, १९३१ साली त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांची कीर्ती कोल्हापूरच्या परिसराबाहेर फारशी गेलेली नव्हती.

कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात त्यांची काही चित्रे आहेत. आधी ती पाहावीत, मग त्याच सायंकाळी रंकाळ्यावर जावे व संध्यामठाच्या छायेत किती रंग सापडतात ते वहीत टिपावे.