दादरला हिरवी, बदलापूरला काळवंडलेली

प्रश्न : मी बदलापूरला राहते, बहीण दादरला. दोघींनी एकाच नर्सरीतून अ‍ॅग्लोनेमा, कॅलॅडियम आणि अडेनियम आणले. माती, खत, पाणी सारखेच. बहिणीची रोपे बाल्कनीत ठीक आहेत. माझ्या गच्चीवर मात्र जानेवारीत अडेनियमची पाने गळली, कॅलॅडियम आडवे झाले आणि अ‍ॅग्लोनेमावर काळपट डाग पडले. शेजारी म्हणतात, थंडी लागली. पण दुपारी तर आम्ही पंखा लावतो!
— एक वाचक, बदलापूर

उत्तर : शेजाऱ्यांचे म्हणणे बरोबर आहे. फक्त तुमच्या तीन कुंड्यांपैकी आजारी एकच आहे.

आधी थंडीचे पाहू. दादरला समुद्राचा शेजार आहे. पाणी उशिरा तापते आणि उशिरा निवते, म्हणून तिथला पारा रात्री फारसा उतरत नाही. बदलापूर पडले बरेच आत. जानेवारीत आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असते. दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता उघड्या आकाशाकडे सोडून देते. त्यात डोंगरउतारांवरची थंड, जड हवा उल्हास नदीच्या खोऱ्यात उतरून साचते. म्हणून दुपारी ३० अंशांजवळ असलेला पारा एखाद्या पहाटे १०-१२ अंशांवर येतो. जवळच्या उल्हासनगरच्या दाट वस्तीत भिंती रात्रीही थोडी ऊब देतात. मोकळ्या गच्चीला ते सुख नाही.

आता झाडांचे. बर्फ पडला तरच झाडाला थंडी बाधते, हा समज उष्ण प्रदेशातल्या झाडांना लागू नाही. अ‍ॅग्लोनेमा मूळचे आग्नेय आशियातल्या दमट जंगलांतले. त्याच्या पेशींच्या आवरणात स्निग्ध पदार्थ असतात. हिवाळ्यात बाटलीतले खोबरेल थिजते, तशी ही आवरणे गारठ्याने ताठरतात. मग पेशीतला रस झिरपतो आणि पानावर आधी तेलकट, मग काळपट डाग उमटतो. अशा झाडांसाठीच लंडनच्या क्यू उद्यानात १८४८ साली पूर्ण झालेले काचेचे पाम हाउस आतून तापवत ठेवावे लागते. तुम्हाला एवढा खर्च नाही. गच्चीवरून कुंडी छपराखाली आणली की पुरे, कारण छप्पर झाड आणि आकाश यांच्यामध्ये येते आणि उष्णता निसटणे कमी होते.

बाकीची दोघे झोपली आहेत. दक्षिण अमेरिकेतले कॅलॅडियम पाने टाकून कंदात विसावते. पूर्व आफ्रिका आणि अरबस्तानातले अडेनियम आपल्या फुगीर बुंध्यात पाणी साठवून पाने गाळते. बुंधा दाबून पाहा. कडक लागला तर झाड धडधाकट आहे. मऊ लागला तर मात्र आत सड सुरू झालेली असू शकते.

ही सड बहुधा आपल्या मायेने होते. पाने गळली की आपण पाणी वाढवतो, वर खतही घालतो. पाने नसलेले झाड पाणी ओढत नाही, माती ओली राहते आणि मुळे कुजतात. म्हणून अडेनियमला पाणी अगदी क्वचित द्या. कॅलॅडियमचे पाणी पाने वाळल्यावर थांबवा आणि कंद कुंडीतच कोरडा राहू द्या. अ‍ॅग्लोनेमाला वरची माती सुकल्यावरच, तेही सकाळी पाणी द्या. तिघांचेही खत होळीपर्यंत बंद.

प्लास्टिकची पिशवी घालणेही टाळा. जिथे ती पानाला चिकटते तिथे गारठा पोचतोच, आणि सकाळी ऊन आले की आत झाड उकडून निघते. कुंडी हलवण्याजोगी नसेल तर रात्री जुनी चादर काठ्यांवर ताणा आणि सकाळी काढून घ्या. डाग पडलेले पान पुन्हा हिरवे होणार नाही, पण नवीन पान स्वच्छ येईल.

राहिली रिकामी गच्ची. तिथे पिटुनिया आणि डायँथस लावा. तुमच्या अ‍ॅग्लोनेमाला सोसवली नाही ती थंडी त्यांना मानवते, आणि दादरच्या उबेत ती तुमच्याइतकी फुलणार नाहीत. तेवढे बहिणीला कळवायला हरकत नाही.